गिरण्या गेल्यावर शहर कशावर जगतें? प्रेस्टनची हकीकत

आमच्या तालुक्याच्या गांवीं एके काळीं कापडाची गिरणी होती हें आतां तरुण मंडळींस सांगितल्यावांचून कळत नाहीं. धुराडें मात्र अद्याप उभें आहे व त्याच्या माथ्यावर पिंपळ रुजला आहे. गिरणी चालू होती तेव्हां पगाराच्या दिवशीं संध्याकाळीं बाजार फुलत असे. कामगाराच्या हातांतील पैसा वाण्याकडे, भाजीवाल्याकडे व गवळ्याकडे जाई आणि तेथून दोन दिवसांत आसपासच्या खेड्यांत येऊन पोंचे. ती बंद पडली तेव्हां आम्हां शेतकऱ्यांस असें वाटलें कीं, हा प्रसंग कामगारांवरचा आहे. आपला कापूस या गिरणीनें नाहीं घेतला तर दुसरी घेईल. कापूस विकला गेलाच. परंतु तीन कोसांवरच्या आमच्या खेड्यांतून रोज सकाळीं जाणारें दूध, मेथी, वांगीं, हिरवा चारा यांचें गिऱ्हाईक गेलें तें परत आलें नाहीं. शहर व खेडें यांचें नातें किती जवळचें होतें हें तें तुटल्यावर समजलें.

अशीं गांवें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. मुंबईच्या गिरणगांवांत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर तेथील गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या आणि त्यांपैकीं कित्येकींच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. मुंबईची गोष्ट निराळी. तेथें जमिनीलाच सोन्याचा भाव. खानदेश-वऱ्हाडांतील लहान गांवांच्या गिरण्यांच्या जागेस तसा भाव कोण देणार? तेथें एकच उपाय वारंवार सुचविण्यांत येतो. बाहेरून कोणी मोठा कारखानदार किंवा मोठा दुकानदार आणावा, त्यास जमीन स्वस्त द्यावी, कर माफ करावा, म्हणजे गांव पुन्हा उभें राहील. दर निवडणुकीस हें ऐकावयास मिळतें. असा पाहुणा कधीं कधीं येतो. बहुधा येत नाहीं. आणि आला तरी सवलतींची मुदत संपतांच त्याचें मन गांवांत रमेनासें होतें.

इंग्लंडांतील प्रेस्टन या शहरानें अशाच एका पाहुण्याची कित्येक वर्षें वाट पाहिली. पाहुणा आला नाहीं. त्यानंतर त्या शहरानें जें केलें त्याची हकीकत शेतकऱ्यानें मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कारण तींत शेतकऱ्याचाही वांटा आहे. शिवाय प्रेस्टन हें आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचा व कर्जाचा त्या शहराशीं संबंध आलेला आहे.

प्रेस्टन हें लँकेशायर परगण्यांत रिबल नदीच्या कांठीं वसलेलें, सुमारें दीड लाख वस्तीचें शहर. सूत काढण्याच्या यंत्रामुळें नांवाजलेला रिचर्ड आर्कराइट १७३२ सालीं येथेंच जन्मला. त्याचा मूळ धंदा हजामाचा; १७६८ सालीं याच शहरांतील एका घरांत त्यानें आपल्या यंत्राची जुळणी केली. पुढें १७९१ सालीं जॉन हॉरॉक्स यानें येथें आपली पहिली गिरणी काढली आणि पन्नास वर्षांच्या आंत शहराचें रूप पार पालटलें. जिकडे तिकडे धुराडीं. या सर्व गिरण्यांचा कापूस मात्र समुद्रापलीकडून येई आणि निघालेलें कापडही बहुतांशीं समुद्रापलीकडे जाई. शहराच्या वेशीबाहेर दुधदुभत्याचा व भाजीपाल्याचा सुपीक मुलूख होता खरा. पण शहराचें भाग्य त्या मुलखाशीं बांधलेलें नव्हतें, तें अमेरिकेच्या दक्षिणेशीं व आपल्या हिंदुस्थानच्या बाजारपेठांशीं बांधलेलें होतें.

असें दूरचें नातें तुटलें म्हणजे काय होतें हें १८६१ सालीं दिसून आलें. अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. तेव्हां हिंदी कापसास अकस्मात् मागणी आली. तिकडे सगळ्याच हिंदी कापसास 'सुरती' म्हणत. तो आंखूड धाग्याचा व कचरा असलेला म्हणून गिरणीकामगार त्यावर फार चिडत, कारण सूत सारखें तुटे व हातीं पडणारी मजुरी कमी होई. प्रेस्टनच्या बेकार कामगारांस काम मिळावें म्हणून नदीकांठची एव्हनम व मिलर हीं उद्यानें त्या वेळीं त्यांच्याकडून तयार करविण्यांत आलीं. तीं अजून आहेत व पाहण्यासारखीं आहेत असें सांगतात. इकडे आपल्या बाजूस कापसाच्या भावानें शेतकरी फुलून गेला. सावकारानें पत वाढविली, शेतकऱ्यानें ती घेतली. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहूं लागला, भाव कोसळले, आणि राहिलें तें कर्ज. दहा वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्या दंग्यांमागें दुसरीं कारणें होतींच, पण कापसाच्या तेजीनंतरची ही मंदी त्यांतील एक होती. म्हणजे एकाच दोरीच्या एका टोकास प्रेस्टनचा कामगार व दुसऱ्या टोकास आपला कुणबी. दोघांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं, आणि दोरी हिसकली तेव्हां दोघेही पडले.

पहिल्या महायुद्धाच्या आधीं, १९१३ सालीं, इंग्लंडांतून सुमारें ७०० कोटी वार सुती कापड बाहेर गेलें. त्यापैकीं सुमारें ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानांत आलें. त्यानंतर हा आंकडा उतरत गेला. आपल्याकडील गिरण्या वाढल्या, जपानचा माल स्वस्त मिळूं लागला, स्वदेशीची व बहिष्काराची चळवळ झाली. १९३१ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी गोलमेज परिषदेकरितां विलायतेस गेले असतां प्रेस्टनपासून फार दूर नसलेल्या डार्वन येथें मुद्दाम जाऊन बेकार गिरणीकामगारांस भेटले. बहिष्काराचा पुरस्कर्ता आपल्या दारीं आला असतां त्या लोकांनीं त्यांचें प्रेमानें स्वागत केलें, ही गोष्ट दोन्ही पक्षांस भूषणावह आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ऱ्हासाचा वेग फार वाढला. १९५९ च्या कायद्यानें सरकारनेंच भरपाई देऊन जुनीं यंत्रें मोडविलीं. पुढील वीस वर्षांत प्रेस्टनच्या गिरण्या मिटल्या. रेड स्कार येथील कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना १९८० च्या सुमारास बंद होऊन दोन हजारांहून अधिक माणसें घरीं बसलीं. आणि १८९२ सालीं मोठ्या थाटानें उघडलेली गोदी १९८१ सालीं बंद करण्यांत आली, कारण रिबल नदीच्या गाळांतून नवीं मोठीं जहाजें येऊं शकत नव्हतीं.

आतां आपल्या मूळ विषयाकडे येऊं. गिरण्या गेल्या, गोदी गेली, तरी शहर होतें तेथेंच होतें. त्याच्या चालकांनीं मग टिथबार्न नांवाची एक भव्य योजना आंखली. सुमारें ७० कोटी पौंड खर्चून शहराच्या मध्यभागीं दुकानांची एक नवी पेठ उभारावयाची आणि तिचा मुख्य खांब म्हणून जॉन लुईस या नामांकित दुकानदार कंपनीस आणावयाचें, असा बेत होता. कागदावर सर्व कांहीं उत्तम होतें. मध्यंतरीं २००८ सालीं जगांतील बँका हादरल्या, व्यापार आखडला, आणि २०११ च्या नोव्हेंबरांत सदर कंपनीनें अंग काढून घेतलें. योजना त्याबरोबर बसली. त्याच सुमारास मध्यवर्ती सरकारनें नगरसभांच्या अनुदानांत मोठी कपात चालविली होती. बाहेरचा पैसा नाहीं व वरचा पैसाही नाहीं, अशी स्थिति झाली.

अशा प्रसंगीं मॅथ्यू ब्राउन नांवाच्या एका नगरसभासदानें (ते पुढें २०१८ सालीं नगरसभेचे प्रमुख झाले) व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक साधा प्रश्न विचारला. जो पैसा या शहरांत आजही येतो तो जातो कोठें? शेतकऱ्यास हा प्रश्न नवा नाहीं. पाऊस कमी पडला म्हणून आपण देवास बोल लावतों. पण जो पडला तो बांधावरून कोठें वाहून गेला हें पाहणारा शेतकरी शहाणा.

शहरांत कांहीं संस्था अशा असतात कीं, त्यांस कारखान्याप्रमाणें उठून दुसरीकडे जातां येत नाहीं: नगरसभा, परगण्याची काउंटी कौन्सिल, पोलीस खातें, महाविद्यालयें, भाड्याचीं घरें बांधणारी संस्था. इंग्रजींत यांस जहाजाच्या नांगरावरून नांव दिलेलें आहे. आमच्या वाचकांच्या मनांत नांगर म्हटला कीं दुसरेंच चित्र उभें राहील. पण तेंही अगदींच गैर नव्हे, कारण नांगर चालतो तो आपल्याच जमिनींत. अशा सहा संस्था एकत्र आल्या आणि मँचेस्टर येथील 'सेंटर फॉर लोकल इकॉनॉमिक स्ट्रॅटेजीज' या संस्थेच्या साहाय्यानें त्यांनीं आपल्या खरेदीचा हिशेब मांडला. प्रत्येक संस्थेनें आपल्या मोठ्यांत मोठ्या पुरवठेदारांची यादी काढली आणि कोणास किती पैसा दिला व त्याचें ठाणें कोठें, हें लिहिलें.

हिशेब डोळे उघडणारा होता. २०१२-१३ सालीं या संस्थांनीं मिळून सुमारें ७५ कोटी पौंडांची खरेदी केली होती. त्यापैकीं प्रेस्टन शहरांत राहिले ते अवघे ३ कोटी ८० लाख, म्हणजे शेंकडा ५. सबंध लँकेशायर परगणा धरला तरी २९ कोटी २० लाख, म्हणजे शेंकडा ३९. बाकीचे सुमारें ४५ कोटी ८० लाख पौंड परगण्याची शीव ओलांडून जात होते. ज्या शहरानें ७० कोटींच्या पेठेची एवढीं वर्षें वाट पाहिली, त्याच शहराच्या अंगणांतून दोन वर्षांत त्याहून अधिक रक्कम निघून जात होती आणि कोणाच्या ध्यानांत नव्हतें!

मग साधा हुकूम कां सोडला नाहीं कीं, यापुढें गांवचाच माल घ्यावा? तसें करतां येत नव्हतें. तेव्हां युरोपीय संघाचे खरेदीचे नियम इंग्लंडास लागू होते व त्यांप्रमाणें केवळ 'आपला' म्हणून कोणास झुकतें माप देणें बेकायदेशीर होतें. शिवाय करदात्याचा पैसा. महाग व वाईट माल गांवचा म्हणून घेणें हें पुण्यकर्म नव्हे. म्हणून त्यांनीं नियम न मोडतां टेंडराची घडणच बदलण्यास आरंभ केला. २०१२ सालीं झालेल्या एका कायद्यानें सार्वजनिक सेवा खरेदी करतांना किंमतीबरोबर समाजास होणारा लाभही विचारांत घेण्यास वाट मोकळी केली होती. तिचाही उपयोग केला. परंतु खरें काम झालें तें अगदीं कारकुनी स्वरूपाचें होतें, आणि तेंच आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें.

शाळांतील मुलांच्या जेवणाचें उदाहरण घ्या. काउंटी कौन्सिलास या जेवणाकरितां माल लागे. सर्व माल एकाच मक्त्यांत मागितला तर तो पुरविण्याची ऐपत परगण्यांतील कोणाही एका व्यापाऱ्यास नव्हती. तो मक्ता देशभर पसरलेल्या एखाद्या प्रचंड कंपनीसच मिळावयाचा. अधिकाऱ्यांनीं काय केलें, तर त्या एका मक्त्याचे तुकडे पाडले. दह्याचा एक, अंड्यांचा एक, चीजचा एक, दुधाचा एक, पावांत घालण्याच्या जिनसांचा एक, याप्रमाणें. आतां जो गवळी दूध देऊं शकत होता त्यास सांडशी किंवा साबण कोठून आणावा ही चिंता राहिली नाहीं. टेंडरें उघडलीं तेव्हां हे सर्व तुकडे स्थानिक पुरवठेदारांस मिळाले, आणि ते लँकेशायरच्या शेतकऱ्यांचा माल घेणारे होते. यामुळें परगण्यांत सुमारें २० लाख पौंड अधिक खेळले असा अंदाज करण्यांत आला. कोणतीही नवी इमारत बांधली नाहीं, कोणास सवलत दिली नाहीं. कांहीं कारकुनांस मात्र पुष्कळ अधिक कागद लिहावे लागले. एका मक्त्याच्या जागीं अनेक मक्ते सांभाळावयाचे म्हणजे बिलें अधिक, तपासणी अधिक, तक्रारी अधिक. आमच्याकडे टेंडरें मोठीं कां निघतात याचें खरें कारण पुष्कळदां या कागदांच्या कंटाळ्यांतच असतें. लांचलुचपत नेहमींच असते असें नाहीं.

लँकेशायरचें चीज तिकडे प्रसिद्ध आहे व प्रेस्टनच्या उत्तरेकडील खेड्यांतून तें पिढ्यान् पिढ्या होत आलेलें आहे. (१८३२ सालीं प्रेस्टनमध्यें पूर्ण मद्यपाननिषेधाची प्रतिज्ञा घेऊन ती चळवळ देशभर नेणारा जोसेफ लिव्हसी हा चीजचाच व्यापारी होता.) तरी शाळेंतील पोरांच्या ताटांत तें जाण्यास टेंडराचे तुकडे करावे लागले! आपल्याकडील ज्वारीची व गुळाची गोष्ट वाचकांच्या मनांत आलीच असेल.

इमारतींच्या कामांतही हीच रीत ठेवली. १८७५ सालच्या जुन्या मंडईचें लोखंडी छत दुरुस्त करून २०१८ सालीं तिच्याखालीं नवा बाजार उघडला, तें काम प्रेस्टनमधीलच एका बांधकाम कंपनीनें केलें. परगण्याच्या नोकरांच्या पेन्शन फंडाचा कांहीं पैसा दूरच्या रोख्यांऐवजीं जवळच गुंतविला, त्यांत विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें होतीं. नगरसभेनें २०१२ सालींच आपल्या नोकरांस पोटापुरतें ठरविलेलें किमान वेतन देण्याचें पत्करलें. सहकारी संस्था काढण्याचाही संकल्प होता. स्पेनमधील मोंद्रागोन व अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील कामगार-सहकाराचीं उदाहरणें त्यांच्यापुढें होतीं. हा भाग मात्र त्या मानानें लहानच राहिला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सहकार टेंडराच्या कागदानें उगवत नाहीं, त्याची मशागत निराळी आहे, हें आम्हीही स्वानुभवानें जाणतों.

या शहराचा जुना इतिहास पाहतां एक मौज वाटते. ११७९ च्या सनदेनें प्रेस्टनच्या व्यापारी-संघास, ज्यास तिकडे गिल्ड म्हणतात, हक्क मिळाले. आणि कित्येक शतकें संघाचा सभासद नसलेल्या परक्यास त्या गांवांत दुकान मांडण्याची बंदी होती. ती मक्तेदारी केव्हांच गेली. तिची आठवण म्हणून दर वीस वर्षांनीं मोठा उत्सव होतो. शेवटचा २०१२ सालीं, म्हणजे वरील हिशेब सुरू झाला त्याच सुमारास, झाला. नव्या रीतीस कोणी जुन्या मक्तेदारीचाच अवतार म्हणेल. पण फरक आहे. गिल्ड परक्यास वेशीवर अडवीत असे. नव्या रीतींत परक्यास कोणी अडवीत नाहीं, घरच्या लहान माणसास आंत येण्याची पायरी तेवढी बुटकी केली.

फळ काय मिळालें? २०१६-१७ सालीं पुन्हा हिशेब केला तेव्हां शहरांत राहणारी खरेदी ११ कोटी २३ लाख पौंडांवर, म्हणजे शेंकडा १८.२ वर, गेली होती. सबंध परगण्यांत राहणारी ४८ कोटी ८७ लाखांवर, म्हणजे शेंकडा ७९.२ वर. हें लक्षांत घ्यावें कीं, कपातीमुळें एकूण खरेदी ७५ कोटींवरून सुमारें ६२ कोटींवर उतरली असतां हें झालें. २०१८ सालीं एका मोठ्या हिशेबनीस कंपनीनें व डेमॉस या अभ्याससंस्थेनें सर्वांत अधिक सुधारणा झालेलें शहर म्हणून प्रेस्टनचें नांव घेतलें. २०२३ सालीं 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत एक अभ्यास आला, त्यांत तुलनेच्या इतर ठिकाणांवरून जी अपेक्षा करावी तीपेक्षां प्रेस्टनमधील वेतन सुमारें ११ टक्के अधिक व मनाच्या आजारांचें प्रमाण कमी आढळलें. रोजगाराच्या संख्येबाबत मात्र अभ्यासाची पद्धत बदलली कीं निष्कर्षही बदलत होता.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. त्या वर्षांत सबंध इंग्लंडांतच बेकारी उतरत होती. तेव्हां सर्व श्रेय टेंडराच्या कागदास देणें हें पाऊस पडल्यावर भगतास नारळ देण्यासारखें होईल. प्रेस्टनच्या कित्येक वस्त्यांत दारिद्र्य अजूनही आहे. शिवाय विचारी लोक असा आक्षेप घेतात कीं, प्रत्येक गांव याप्रमाणें आपला पैसा घरांत ठेवूं लागलें तर शेजारच्या गांवाच्या व्यापाऱ्यानें जावें कोठें? या आक्षेपांत तथ्य आहे. आमच्या मतें याचें उत्तर कुंपण कोठें घातलें यावर अवलंबून आहे. प्रेस्टननें तें शहराच्या वेशीवर न घालतां परगण्याच्या शिवेवर घातलें. आंकडे पाहा: शहराचा वांटा १८ टक्केच, परगण्याचा ७९. म्हणजे वांचलेल्या पैशाचा मोठा भाग आसपासच्या गांवांत व खेड्यांत गेला. शहरापुरतें कुंपण घातलें असतें तर दूध कोठून आलें असतें? शहरांत गाई नसतात. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, मोडलेल्या गिरणीच्या गांवाचा विचार नगरपालिकेवर सोंपवून शेतकऱ्यानें स्वस्थ बसूं नये.

आतां थोडें घरचें. आमच्या जिल्ह्याच्या गांवीं मुलांचें एक मोठें वसतिगृह आहे. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. आमच्या शेतकरी-मंडळानें तीन वर्षांपूर्वीं तेथें भाजीपाला व तुरीची डाळ पुरविण्याचें मनांत आणलें. टेंडराचा कागद आणून पाहिला तों तांदुळापासून फिनेलपर्यंत सर्व जिन्नस एकाच मक्त्यांत, आणि मागील तीन वर्षांची उलाढाल इतकी दाखविली पाहिजे कीं, आमच्या बारा गांवांची मिळून तेवढी होईना. अनामत रक्कम निराळीच. मक्ता दुसऱ्या जिल्ह्यांतील एका मोठ्या व्यापाऱ्यास मिळाला. यांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. परंतु पुढें असें आढळलें कीं, तो व्यापारी वांगीं व कांदे आमच्याच बाजारांतून अडत्यामार्फत खरेदी करून आपल्या गुदामांत नेई आणि तेथून परत आमच्याच गांवच्या वसतिगृहांत पाठवी. दोन्ही वेळची हमाली, भाडें व नफा मिळून जो फरक पडे तो आम्हांसही मिळाला नाहीं व त्या मुलांच्या ताटांतही पडला नाहीं.

असा एक तालुका घ्या. नगरपालिका, ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा, सरकारी वसतिगृहें, महाविद्यालयाची खाणावळ, अंगणवाड्या. यांची वर्षाची अन्नखरेदी किती व ती कोणाकडून, हें आज तालुक्यांत कोणी एक माणूस सांगूं शकेल काय? सांगूं शकत नसेल तर तें काढतां येतें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं दहा रुपयांचा अर्ज पुरतो. प्रेस्टनच्या लोकांनीं याहून निराळें कांहीं प्रथम केलें नाहीं. माल विकण्याची कायदेशीर अडचणही पूर्वींइतकी राहिलेली नाहीं. महाराष्ट्रांत २०१६ पासून फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक आहे, आणि कंपनी कायद्यांतील २००२ च्या दुरुस्तीनें शेतकऱ्यांस स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करतां येते. याहून पुढें जाणारे देशही आहेत. ब्राझीलनें २००९ सालीं कायदाच केला कीं, शाळांच्या जेवणासाठीं मध्यवर्ती सरकार जो पैसा देतें त्यापैकीं निदान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च व्हावा. आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. टेंडराचे तुकडे पाडण्यास पुष्कळ ठिकाणीं कायद्याची नव्हे, एका अधिकाऱ्याच्या सहीची गरज असते.

पण एवढेंच लिहून थांबलों तर आम्ही आपल्याच लोकांची खुशामत केली असें होईल. दोष आमच्याकडेही आहे. वसतिगृहाच्या चालकांनीं आम्हांस जें तोंडावर सांगितलें तें येथें सांगतों. ते म्हणाले, तुमचा माल सोमवारीं चांगला येईल, बुधवारीं भाव वाढला कीं तुम्ही तो बाजारांत न्याल, आणि माझ्या तीनशें मुलांस मी काय वाढूं? यावर आमच्यांतील एकानेंही मान वर केली नाहीं, कारण असें घडलेलें सर्वांस ठाऊक होतें. संस्थेस माल द्यावयाचा म्हणजे वर्षभराचा बांधलेला भाव पत्करावा लागतो. बाजार तेजींत गेला तरी शब्द पाळावा लागतो, मंदींत तोच भाव आपणांस तारतो. निवडलेला, मापानें सारखा, पावती जोडलेला माल रोज सात वाजतां दारांत पाहिजे. एका शेतकऱ्यास हें साधणार नाहीं. दहा जणांनीं लावणीच्या तारखा वांटून घेतल्या तर साधतें. मेथी सर्वांनीं एकाच पंधरवड्यांत टाकली तर एक महिना ती उकिरड्यावर व पुढचे दोन महिने कोठेंच नाहीं, हें आमच्या नेहमींच्या पाहण्यांतलें आहे.

म्हणून आमच्या मंडळानें प्रथम लावणीचें एक कोष्टक केलें. कोणीं कोणत्या आठवड्यांत काय व किती गुंठे टाकावें हें त्यांत लिहिलें आहे; मोडणाऱ्यास दंड आहे व तो दोघांकडून वसूलही केला, त्यांपैकीं एक आमचे चुलतेच होते. तें कोष्टक घेऊन आम्ही पुन्हा चालकांकडे गेलों व भाजीपाल्याचा भाग वेगळा काढण्याविषयीं अर्ज दिला. पहिल्या वर्षीं उत्तर आलें नाहीं. गेल्या वर्षीं टेंडराची जाहिरात निघाली तेव्हां धान्य, डाळी व भाजीपाला असे तीन भाग वेगळे होते व अनामतही त्या त्या भागापुरतीच होती. डाळीचा भाग आम्हांस मिळाला नाहीं. आमचा भाव किलोमागें चार रुपये अधिक होता, आणि ज्यानें कमी भाव भरला त्याचा माल आम्ही पाहिला तो वाईट नव्हता. भाजीपाल्याचा भाग मिळाला. जूनपासून आमच्या बारा गांवांची एक गाडी पहाटे साडेपांच वाजतां निघते आणि जुन्या गिरणीच्या भिंतीवरून वसतिगृहाकडे जाते. आतांपर्यंत ती दोनदां चुकली, दोन्ही वेळां ओढ्यास पूर आला होता. पावसाळ्यापुरता ओढ्यापलीकडे गाळा भाड्यानें घ्यावा कीं काय याचा विचार येत्या सभेंत व्हावयाचा आहे.